मॅनेजर झालो, पण मशीनवरचा हात सुटेना

"मॅडम, मला परत सेटर व्हायचंय. पगार कमी झाला तरी चालेल. कंपनीला तसं लिहून देऊ का, एवढंच सांगा."

पुण्याजवळच्या भोसरीच्या कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते, म्हणून निगडीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत गुरुवार हा शिफ्ट, रिजेक्शन (नापास माल) आणि साहेबांचा वार. हे गृहस्थ, आधी सेटर (मशीनवर हत्यारं आणि मापं बसवून देणारा कारागीर) आणि आता मॅनेजर, अशाच एका गुरुवारी आले. आले म्हणजे बायकोने आणले. छातीत धडधडतं म्हणून डॉक्टरकडे गेले होते, ईसीजी काढला, तो चांगला निघाला. झोप मात्र दोन महिन्यांपासून उडालेली.

त्यांचा प्रश्न मला नवा नाही. बँकेतल्या नव्या शाखाधिकारी बाई, वॉर्डच्या इन्चार्ज झालेल्या सिस्टर, शाळेचे नवे मुख्याध्यापक, सगळे हेच वेगवेगळ्या शब्दांत विचारतात: काम उत्तम येतं, माणसं सांभाळता येत नाहीत, आपला तो पिंडच नाही का? म्हणून ही एक हकिकत सांगते. त्यांची परवानगी आहे, ओळख पटेल असे तपशील बदललेत. नावाऐवजी त्यांना सेटरच म्हणते, त्यांनाही तेच आवडेल.

आयटीआय, मग अप्रेंटिस, मग ऑपरेटर, मग सेटर. सीएनसी टर्निंगच्या, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या लेथच्या, लाइनवर नऊ वर्षं. मशीनच्या आवाजावरून इन्सर्ट (धातू कापणारं पातं) घासलाय हे त्यांना कळायचं, ही बढाई नाही, त्यांच्या बायकोलासुद्धा ठाऊक होतं. मिक्सरचा आवाज बदलला की ते स्वयंपाकघरात येऊन उभे राहायचे. जुने मॅनेजर सोडून गेले तेव्हा कंपनीने सगळ्यात चांगला कामगार उचलला आणि तीन शिफ्टच्या चौदा माणसांवर बसवला. तयारी काय करून घेतली? पवना धरणाजवळच्या रिसॉर्टवर दोन दिवसांचं 'लीडरशिप' शिबिर. फुगे, दोरीचे खेळ, शेवटी सर्टिफिकेट आणि ग्रुप फोटो. गंमत म्हणजे त्याच महिन्यात कारखान्यात एक नवीन मशीन आलं, तेव्हा ते बसवून, चालवून, शिकवून द्यायला मशीनवाल्यांचा इंजिनिअर आठ दिवस राहिला होता. एका मशीनला आठ दिवस, चौदा माणसांना दोन!

"आधी पोरं मला दादा म्हणायची. पत्र मिळालं त्या दिवसापासून सर." हे सांगताना ते बायकोकडे बघत होते, माझ्याकडे नाही.

रात्री फोन वाजायचे. थर्ड शिफ्ट रात्री बाराला सुरू होते. साडेबाराला पहिला फोन, मग पहाटेपर्यंत. ते प्रत्येक फोन घ्यायचे. दोनदा तर मोशीच्या घरून गाडी काढून, नाइट पॅन्टवरच स्वेटर चढवून, मशीनवर जाऊन सेटिंग करून आले होते. "घरी असले तरी मशीनवरच असतात," बायको म्हणाली. "आणि मशीनवर असले की घरी कोण असतं?"

इथे माझी चूक सांगते. मी त्यांना दुसऱ्या भेटीत सूचना द्यायची एक पद्धत शिकवली: आधी कौतुक, मग चूक, शेवटी पुन्हा कौतुक. पुस्तकी आहे, सोपी आहे, आणि मला वाटलं, संतापी माणसाला हाताशी काहीतरी असावं. पुढच्या गुरुवारी ते जवळजवळ रागावूनच आले. त्यांनी मनापासून केलं होतं. पोरं आधी गप्प राहिली, मग चहाच्या वेळी एकजण म्हणाला, "सर कोर्स करून आलेत." आणि सगळे हसले.

मला हे आधी सुचायला हवं होतं. अवराहम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी या संशोधकांनी 1996 मध्ये सूचना-अभिप्रायावरचे जुने शेकडो निष्कर्ष एकत्र तपासले होते. सरासरी फायदा दिसला, पण एक तृतीयांशाहून जास्त वेळा अभिप्रायानंतर काम उलट बिघडलं होतं. बोलणं कामावरून माणसावर घसरलं की हे जास्त होतं. कौतुकाच्या दोन पावांमध्ये 'तुझं लक्ष नसतं' घातलं, तरी मधलं ते मधलंच.

तेव्हा मी शिकवणं थांबवलं आणि एक हिशेब मागितला. आठवडाभर रात्रीचा प्रत्येक फोन लिहायचा: कोणाचा, कशासाठी, आणि तुम्ही काय सांगितलंत. सेटरना मोजमाप आवडतं, वही नीट भरून आली. एक्केचाळीस फोन. त्यातले एकोणतीस ऑफसेटचे. मशीनवरचा माप दुरुस्त करायचा आकडा, जो त्या पोरांनी स्वतः टाकायचा असतो.

"यांना येत नाही का?"

"येतं की. मागच्या वर्षी टाकायचे."

"मग कधीपासून फोन?"

त्यांनी मोबाइल काढून मागे मागे सरकवत नेला. दिवाळीआधी रात्रीला फोन एक, दोन. दिवाळीनंतरच्या एका आठवड्यापासून अचानक पाच, सहा. ते थांबले. बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "अकरा जॉबचं प्रकरण."

जॉब म्हणजे मशीनवर घडवायचा तुकडा. झालं होतं असं. एका शाफ्टचा, म्हणजे दांड्याचा, व्यास इन्सर्ट घासल्यामुळे वाढायला लागला, तेव्हा सेकंड शिफ्टच्या पोराने ऑफसेट कमी केला. वीस मायक्रॉन कमी करायचे होते, म्हणजे 0.02 मिलिमीटर, त्याने घातलं 0.2. एक शून्य खाल्लं. माप घेईपर्यंत अकरा शाफ्ट बारीक निघाले. जाडा जॉब पुन्हा घासता येतो, बारीक झालेल्याला इलाज नाही. पोराने ते अकरा जॉब चिप्सच्या, म्हणजे धातूच्या कातरणाच्या, ट्रॉलीत, खाली, लपवले. डिस्पॅचला मोजणी जुळेना तेव्हा सापडले. आणि आमच्या सेटरनी शिफ्ट बदलताना, दोन्ही शिफ्टची माणसं समोर असताना, त्याला सोलून काढला.

"त्यानंतर कोणी ऑफसेटला हात लावत नाही," मी म्हणाले.

"मला वाटत होतं, पोरं आळशी झालीत."

इतके दिवस ते मला सांगत होते की माणसं ऐकत नाहीत. माणसं तर तंतोतंत ऐकत होती. चूक केलीस तर बघ, एवढंच त्यांनी ऐकलं होतं.

पण नुसत्या भीतीने हे सगळं उलगडत नव्हतं. रात्री दोनला स्वतः गाडी काढून जायचं कशाला? एकदा मी विचारलं की नुसतं उभं राहून दुसऱ्याला सेटिंग करू दिली तर काय होईल. ते म्हणाले, "मग मी काय करतोय तिथं? उंटावरून शेळ्या हाकतोय?" आवाज चढला होता. हळूहळू कळलं की त्यांच्या पहिल्या कंपनीतला मॅनेजर केबिनमधून कधी खाली उतरला नव्हता, आणि अप्रेंटिस असताना यांनी मनाशी ठरवलं होतं की आपण तसं व्हायचं नाही. आपला हात जगन्नाथ. नऊ वर्षं त्यावर पोट भरलं, मान मिळाला, त्याच हाताने मॅनेजरची खुर्ची मिळाली. आता कुणी म्हणत होतं, हात मागे घे. त्यांना ते कामचुकारपणासारखं वाटत होतं. या माणसाला संवादकौशल्य शिकवायला निघाले होते मी!

मग मी विचारलं, "तुम्हाला सेटिंग कोणी शिकवली?"

चेहरा बदलला. एक म्हातारे सेटर होते, सगळे त्यांना अण्णा म्हणत. अण्णा आधी विचारायचे, तुला यातलं काय येतं. मग एकदा स्वतः करून दाखवायचे, तोंडाने सांगत. दुसऱ्यांदा करताना फक्त तेवढंच सांगायचे जिथे हात चुकतो, आणि का चुकतो. मग म्हणायचे, आता तू कर आणि मला सांगत कर. स्वतः हात पाठीमागे बांधून उभे राहायचे. "चुकत असलं तरी हात पुढे यायचा नाही हो अण्णांचा. फक्त खाकरायचे."

मला हसू आलं, कारण अण्णांनी न वाचता जे केलं ते दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने कारखान्या-कारखान्यांत शिकवलं होतं. जुने कामगार सैन्यात गेले, नवी माणसं आली, त्यात कधी मशीन न पाहिलेल्या बाया मोठ्या संख्येने. तेव्हा सुपरवायझरना शिकवायला कसं शिकवायचं याचा एक सरकारी उपक्रम 1940 ते 1945 चालला. दोन-दोन तासांच्या पाच बैठका, बस. शिकणाऱ्याची तयारी करा, करून दाखवा, त्याच्याकडून करून घ्या, मग हळूहळू बाजूला व्हा. खिशात मावेल असं कार्ड प्रत्येकाला दिलं होतं, आणि त्यांचं घोषवाक्य होतं की कामगार शिकला नसेल तर शिकवणाऱ्याने शिकवलेलं नाही. पुढे 1950 च्या दशकात टोयोटाने ही पद्धत उचलली. आपल्याकडच्या पुष्कळ कारखान्यांत टोयोटाचे तक्ते भिंतीवर लागले, अण्णा मात्र रिटायर झाले.

हे सगळं सेटरना सांगितल्यावर त्यांनी विचारलेला प्रश्न व्यवहारी होता: "आणि टार्गेट कोण भरणार?"

बरोबर होतं. शिकवायला वेळ लागतो आणि तो वेळ कोणाच्या तरी खात्यातून जातो. त्यांनी प्लँट हेडकडे जाऊन आठवड्यातून तीन दिवस, शिफ्ट बदलताना, एका मशीनची वीस मिनिटं मागितली. ती टार्गेटमधून वजा. प्लँट हेडनी महिनाभरासाठी दिली, तीही कुरकुरत. ऑफसेटचं कार्ड सेटरनी स्वतः लिहिलं, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला हिंदी, कारण चौदातली सहा पोरं बिहार-यूपीची. कार्डावर मोठ्या अक्षरात एकच ओळ: आकडा टाकला की मोठ्याने वाचा, एक शून्य की दोन.

सुरुवात त्यांनी मुद्दाम त्याच अकरा जॉबवाल्या पोरापासून केली. ही माझी सूचना नव्हती, मी सांगायला धजले नसते. पहिल्या दिवशी हात पाठीमागे बांधून उभे राहिले आणि तीन मिनिटांत कंट्रोल पॅनलवर गेले. "हात शिवशिवतात हो. तो चुकीचं बटण शोधत असतो आणि मला दिसत असतं." दुसऱ्या दिवशी पाठीमागे दोन्ही हातांत चहाचा कप धरला. गरम. ही युक्ती मी आता इतरांनाही सांगते. त्या पोराला ते माफ कर म्हणाले का? नाही. "त्या दिवशी सगळ्यांसमोर बोललो, ते चुकलं," एवढं म्हणाले, तेही सगळ्यांसमोर. पोरगं "ठीक आहे सर" म्हणालं आणि जॉब चढवला.

रात्रीचे फोन कमी झाले. झोप आली, पूर्ण नाही, पण आली. आणि महिनाअखेर नवीच पंचाईत: रिजेक्शनचा आकडा वाढला.

सोमवारच्या मीटिंगमध्ये प्लँट हेडनी तो तक्ता समोर टाकला. सेटर माझ्याकडे आले तेव्हा पुन्हा सेटर व्हायची भाषा सुरू झाली होती. मी त्यांना एमी एडमंडसन या संशोधिकेचा 1990 च्या दशकातला अभ्यास सांगितला. रुग्णालयांत औषध देताना होणाऱ्या चुका त्या मोजत होत्या. अपेक्षा अशी की जिथे माणसं एकमेकांशी चांगली वागतात तिथे चुका कमी. निघालं उलटं, चांगल्या वॉर्डांत नोंदलेल्या चुका जास्त. त्यांचा अर्थ असा की तिथली माणसं चूक सांगायला घाबरत नव्हती. "तुमच्याकडे रिजेक्शन वाढलं, की लिहिलं जायला लागलं?" मी विचारलं. ते दुसऱ्या दिवशी भंगाराचं वजन काढायला गेले. लिहिलेलं रिजेक्शन वाढलं होतं. भंगारात गेलेल्या जॉबचं वजन होतं तेवढंच, किंचित कमी. तो कागद त्यांनी पुढच्या सोमवारी मांडला. प्लँट हेड काय म्हणाले? "हं." पण वीस मिनिटं चालू राहिली.

आता मूळ प्रश्न. परत सेटर व्हावं का? मी त्यांना 'नको' म्हटलं नव्हतं आणि कुणालाच सरसकट म्हणत नाही. मशीनपाशी ज्याचा जीव रमतो त्याने मशीनपाशी राहावं, त्यात कमीपणा कसला. कमीपणा त्या कंपन्यांचा, ज्यांच्याकडे चांगल्या कारागिराला वर जायला मॅनेजरकीशिवाय दुसरा जिनाच नसतो. पण 'मला आवडत नाही' आणि 'मला कोणी शिकवलंच नाही' हे दोन वेगळे आजार आहेत आणि त्रास सारखाच देतात. दुसरा असेल तर पहिल्याचं औषध घेऊ नये. म्हणून मी त्यांना इतकंच म्हणाले होते की पत्र लिहून ठेवा, तारीख टाकू नका, सहा महिन्यांनी बघू. नऊ वर्षांत सेटर झालात, मॅनेजर व्हायला निदान सहा महिने तर घ्या.

छातीतली धडधड मात्र मी एकटीने हाताळली नाही. झोपेचं बिघडलेलं चक्र, सतत दचकणं, हे महिनोन् महिने चालत असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावं लागतं, त्यांनाही दाखवलं. थोडे दिवस गोळी घ्यावी लागली. मॅनेजरने गोळी घेतली म्हणून काही बिघडत नाही, हे वाक्य मला त्यांना चार वेळा सांगावं लागलं.

सगळं छान झालं असं नाही. कौतुक त्यांना अजून जमत नाही. चांगला जॉब बघून मान हलवतात, तेवढंच. 'दादा' परत आलं नाही, सगळे सरच म्हणतात.

परवाच्या गुरुवारी आले ते वैतागून. अकरा जॉबवालं पोरगं सोडून गेलं. रांजणगावात, दोन हजार जास्त मिळतात म्हणून. "चार महिने शिकवला त्याला, मॅडम. चार महिने! आणि गेला." मी पाणी दिलं. ते प्यायले, थोडे निवांत झाले. मी विचारलं, त्याच्या जागी आलेल्याला तुम्ही कधी घेताय शिकवायला?

"मी कशाला? तो बिहारचा पोरगा शिकवतोय ना त्याला. काल बघितलं मी." मग जरा थांबून, "चहाचा कप घेऊन उभा होता."