भिंत वाळली का, ते आधी बघा

खानापूर तालुक्यात नवीन घर बांधलंय. गिलाव्याला तीन आठवडे झालेत. दसऱ्याला वास्तुशांत आहे. पेंटर म्हणतो, प्रायमर (रंगाआधीचा पहिला हात) मारून मोकळे होऊ. मारू का?

नका मारू. सिमेंटला ताकद यायला 28 दिवस धरतात, आणि आतलं पाणी उडायला त्याहून जास्त लागतात. जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसात तर विचारूच नका. ताज्या गिलाव्यात चुन्याचा क्षार असतो. पाणी बाहेर येताना तो घेऊन येतं आणि भिंतीला पांढरा लोणा फुटतो. ऑइल पेंट असला, तर क्षाराने त्याचा साबण होऊन तो चिकट पडतो.

फूटभर प्लास्टिकचा कागद भिंतीला चारही कडांनी चिकटपट्टीने बंद करा आणि एक दिवस ठेवा. आतून थेंब जमले किंवा कागदाखालची भिंत काळपट दिसली, तर थांबा. वास्तुशांत कोऱ्या गिलाव्याच्या घरातही होते. रंगाचं काम दिवाळीनंतर काढा.

शहापुरात आजोबांच्या वेळचं घर आहे, वर्षानुवर्षं चुना दिलेला. दोनदा प्लास्टिक पेंट दिला, दोन्ही वेळा पोपडे आले. प्रायमर भारीतला घ्यावा का?

दोष प्रायमरचा नाही. तळहात भिंतीवरून फिरवा, पांढरा होईल. प्रायमरने चुन्याला धरलं, पण चुन्याने भिंतीला सोडलंय. भिंत भिजवून पत्र्याने थर खरवडा, ब्रशने घासून धुवा, आठवडाभर वाळू द्या. मग प्रायमर डब्यावर लिहिलंय तेवढंच पाणी घालून मारा. वर लांबी (पुट्टी), पॉलिश पेपर, आणि पुन्हा प्रायमरचा एक हात. हा दुसरा हात बहुतेक ठिकाणी गाळला जातो. मग लांबी रंग पिते, आणि संध्याकाळी दिवा लावला की भिंतीवर ढग दिसतात. पैसे वाचवायचे तर रंगात वाचवा, इथे नको.

एक मात्र तपासा. जमिनीपासून दोन-तीन फूट ओल चढत असेल, तर कुठलाच प्रायमर ती अडवत नाही. माती-चुन्यात बांधलेली भिंत श्वास घेते. तिला वरून प्लास्टिकचा थर दिला की ओल आणखी वर सरकते. अशा भिंतीला चुनाच द्या. मला तरी तोच रंग तिथे शोभतो.

निपाणीला खिडक्यांचे गज गंजलेत. भिंतीचा उरलेला प्रायमर चालेल?

नाही. गंज पॉलिश पेपरने घासून लोखंड चकाकेपर्यंत काढा, टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसा आणि त्याच दिवशी रेड ऑक्साइड (लोखंडाचा प्रायमर) मारा. रात्रीच्या दमटाने गंज परत धरतो.

जुन्या सागवानी दाराचा ऑइल पेंट घासायचाय. घरात दोन वर्षांचं बाळ आहे.

हे विचारलंत ते फार बरं केलंत. घरगुती रंगातल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा नोव्हेंबर 2017 पासून आहे. त्याआधीच्या रंगात शिसं भरपूर असू शकतं, आणि लहान मुलांच्या मेंदूला ते फार घातक. कोरडं घासू नका, ब्लो लॅम्पने जाळू तर मुळीच नका. वॉटर पेपर (पाण्यात चालणारा पॉलिश पेपर) पाण्यात बुडवून चमक जाईल इतपतच घासा. जुना रंग घट्ट असेल तर काढायची गरजच नाही, लाकूड उघडं पडलंय तिथेच वूड प्रायमर लावा. काम होईपर्यंत बाळाला आजोळी पाठवा. परत आणण्याआधी उंबरा, फरशी, खिडकीची पट्टी ओल्या फडक्याने दोनदा पुसा, आणि ती फडकी टाकून द्या.