लॅबमधून घरी आलो तरी "रिपोर्ट चुकला तर नसेल ना" हेच डोक्यात फिरतं, नोकरी सोडू का?

भाऊ, तुम्ही लिहिलं की नाईटला एकटेच असता आणि सकाळी पडलं की पोटॅशियमचा आकडा बरोबर टाकला का, नाव तेच होतं का हे सुरू होतं. मी पण नागपुरातच बायोकेमिस्ट्रीला आहे, इकडे धंतोलीत. नोकरीचं नंतर पाहू, आधी ही भीती येऊन कुठून राहिली ते पहा.

आपले बरोबर गेलेले रिपोर्ट कोणाला दिसतच नाहीत, एक क्लिनिकली मॅच नाही झाला की पहिला फोन लॅबला. वॉर्डात नस सापडत नाही, सिरिंजने जोरात ओढतात, सॅम्पल हिमोलाईज होतं, म्हणजे त्यातल्या लाल पेशी फुटतात, पोटॅशियम वाढून येतं आणि शिव्या आपल्याला. पावसाळ्यात डेंग्यूचं तर विचारूच नका, नातेवाईक काउंटरवर उभे, मशीन प्लेटलेट 18 हजार दाखवतंय, पण प्लेटलेटचे क्लम्प, म्हणजे गठ्ठे, असले तर ते कमीच दाखवणार ना, म्हणून काचेवर रक्त पसरून केलेला स्मिअर मायक्रोस्कोपखाली पाहिल्याशिवाय सोडता येत नाही, आणि तिकडे फोन वाजूनच राहिला. लॅबच्या बहुतेक चुका तर सॅम्पल मशीनवर लागायच्या आधीच होतात, लेबल, ट्यूब, कलेक्शन. त्या सगळ्याचं ओझं तुम्ही एकटे काहून घेता बाप्पा?

त्यामुळे डोक्यातलं रजिस्टरमध्ये टाका. क्रिटिकल व्हॅल्यू, म्हणजे जीवाला धोका दाखवणारा आकडा, फोनवर सांगितली की घेणाऱ्याचं नाव, वेळ लिहायची, आकडा त्याच्याकडून परत म्हणवून घ्यायचा. क्यूसी, म्हणजे मशीन बरोबर आकडे देतंय का याची तपासणी, आउट असला तर रिपोर्ट सोडायचे नाहीत, मालक काहीही म्हणो. आणि घरून "जरा पाहून सांग ना" म्हणून फोन करणं बंद, त्याने तेवढ्यापुरतं बरं वाटतं, दुसऱ्या दिवशी मन परत तेच मागतं.

सुई टोचली तरी बरेच जण लपवतात आणि मग महिनोन्‌महिने मनात कुढतात. पिळत बसू नका, साबण-पाण्याने धुवा, लगेच सांगा, एचआयव्ही होऊ नये म्हणून घ्यायची औषधं, म्हणजे पीईपी, 72 तासांच्या आतच सुरू व्हावी लागते, जितकी लवकर तितकी बरी.

मॅनेजमेंट वर्षातून एकदा स्ट्रेसवर लेक्चर ठेवते, सोबत समोसा. नाईटला दुसरा माणूस मागा, तर बजेट नाही! डब्ल्यूएचओनेच 2019 मध्ये बर्नआउटला आजार न म्हणता कामाच्या ठिकाणच्या ताणाशी जोडलंय, तेव्हा सगळं तुमच्या प्राणायामावर ढकलू देऊ नका.

पण दोन-तीन आठवडे झोपच नाही, जेवण जात नाही, ड्युटीला निघताना छाती धडधडते असं असेल तर सरळ सायकियाट्रिस्टला दाखवा. आपल्या सरकारी हॉस्पिटलांत, मेडिकलला ओपीडी आहे, मेयोला आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा 14416 चोवीस तास चालतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं, म्हणजे रात्री तीन वाजता मशीनवर सॅम्पलचा रन लावून पण करू शकता.

नोकरीचं म्हणाल तर लॅब बदला, लाईन नका बदलू. पुढच्या इंटरव्ह्यूत पगाराच्या आधी विचारा, नाईटला किती जण असतात आणि रात्री अडलं तर पॅथॉलॉजिस्ट फोन उचलतात का.