रोलर फिरवला, तरी पाणी मुरतंच

प्रश्न : शेततळ्याच्या तळाला काळ्या मातीचा फूटभर थर दिला, वरून रोलर फिरवला. तरी जानेवारीतच तळं कोरडं. चूक कुठे झाली? (शेतकरी, सिन्नर)

उत्तर : बहुतेक माती कोरडी असतानाच रोलर फिरला. असा थर मी टिकावाने उकरून पाहिला आहे. वरची दोन बोटं चकचकीत, खाली सुपारीएवढी ढेकळं जशीच्या तशी, फोडली तर आत कोरडी ठणठणीत. कोरडं ढेकूळ दबत नाही, शेजारच्याला टेकून उभं राहतं. मग पाणी मातीतून जायच्या भानगडीत पडत नाही, ढेकळांमधल्या फटींतून सरळ खाली उतरतं.

प्रत्येक मातीची एक ठरावीक ओल असते, तेवढ्या ओलीलाच ती सर्वांत घट्ट बसते. प्रॉक्टर या अमेरिकन अभियंत्याने 1933 मध्ये हे मांडलं आणि ती ओल शोधायची चाचणी दिली, आजही धरणाच्या कामावर हीच चाचणी चालते. पाणी अडवायचं असेल तर ओल त्याहूनही दोन-तीन टक्के जास्त ठेवा. तेवढ्यानेच, तीच माती असूनही झिरपणं दहापटीने, कधी शंभरपटीनेही घटतं. घरच्या घरी ओळखायचं तर माती मुठीत दाबा: गोळा झाला पाहिजे, तळहातावर पेन्सिलीएवढी वळी न तुटता वळली पाहिजे, आणि हात चिखलाने बरबटता कामा नये. ढेकळं फोडून, पाणी शिंपडून माती रात्रभर झाकून ठेवा. एका वेळी वीतभरापेक्षा जाड थर पसरू नका, आणि पुढचा थर टाकण्याआधी खालचा खरवडून ओला करा. खुरांचा रोलर (अंगावर खुरांसारखे उंचवटे असलेला) मिळाला तर उत्तमच.

आणि तळं उन्हाळ्यात उघडं कोरडं पडू देऊ नका. काळी माती भेगाळली की सगळी मेहनत वाया. वर फूटभर मुरूम पसरा.

प्रश्न : थर नीट दाबला तर पाणी मुरणं पूर्ण थांबतं का? (शेततळे ठेकेदार, बारामती)

उत्तर : नाही, फक्त वेग कमी होतो. हिशोब फ्रेंच अभियंता दार्सीचा, 1856 सालचा: पाण्याची उंची जास्त आणि थर पातळ, तर झिरपणं जास्त. उत्तम दाबलेल्या चिकण मातीचा 30 सेंटिमीटर थर आणि वर 3 मीटर पाणी असेल, तर रोज साधारण 1 मिलिमीटर पाणी जातं. थोड्या कमी दर्जाच्या कामात तेच 1 सेंटिमीटर होतं, म्हणजे शंभर दिवसांत मीटरभर. थर दुप्पट जाड केला की झिरपणं जवळपास निम्म्यावर येतं.

मोजायचं असेल तर पाण्याने भरलेली बादली तळ्यातच काठापर्यंत बुडवून पक्की बसवा. बादलीतलं पाणी उन्हाने जेवढं उतरेल ते तळ्याच्या उतारातून वजा करा. उरलं ते मुरलेलं.

प्रश्न : ट्रॅक्टरमुळे शेतात पाणी साचतं, मुरत नाही. (वाचक, लातूर)

उत्तर : वर्षानुवर्षं एकाच खोलीवर नांगरट झाल्याने खाली कडक थर बसला आहे. जमीन कोरडी असताना सबसॉयलर (खोलवरचा कडक थर फोडणारं ट्रॅक्टरचं अवजार) चालवा. ओल्या जमिनीत चालवाल तर थर तुटणार नाही, आणखी लिंपला जाईल.

प्रश्न : गावच्या तलावाच्या भरावाखाली पावसाळ्यापासून पाणी पाझरतं. घाबरायचं का? (ग्रामपंचायत सदस्य, संगमनेर तालुका)

उत्तर : मातीच्या भरावातून थोडं पाणी येणारच. ते नितळ आहे का, एकसारखं आहे का, हे पाहायचं. गढूळ असेल तर ते आतली माती घेऊन येतंय आणि स्वतःची वाट रुंद करतंय.

अमेरिकेत आयडाहो राज्यातलं टेटन धरण 5 जून 1976 रोजी, पहिल्यांदाच भरत असताना फुटलं. दोन दिवस आधी खालच्या बाजूला नितळ झरे दिसले होते. त्या दिवशी सकाळी सातच्या सुमारास गढूळ पाणी दिसलं, आणि दुपारी बाराच्या आत धरण वाहून गेलं. 11 माणसं गेली.

तुमच्याकडे विमोचकाच्या, म्हणजे तलावातलं पाणी भरावाखालून बाहेर सोडणाऱ्या, नळाच्या कडेने आधी पाहा. तिथे रोलर पोचत नाही, माती नीट दाबली जात नाही. भरावावर झाडं वाढली असतील तर मुळांची वाटही तपासा. पाझराचं पाणी रोज एकाच वेळी, एकाच भांड्यात भरा आणि किती वेळ लागला ते वहीत लिहा. त्यातलं ग्लासभर तासभर स्थिर ठेवा. तळाशी गाळ बसला, किंवा भांडं झपाट्याने लवकर भरू लागलं, तर पाटबंधारे किंवा जलसंधारण खात्याच्या अभियंत्याला त्याच दिवशी बोलवा, आणि ओढ्याकाठच्या घरांना आधी कळवा.