नोकरी करणाऱ्या तरुण ॲडव्हेंटिस्टांना मंडळी आपली वाटावी म्हणून काय करता येईल?

तुमचा प्रश्न मला असा समजला: पंचविशी-तिशीतली, चांगल्या नोकऱ्या करणारी आपल्या ॲडव्हेंटिस्ट ख्रिस्ती मंडळीतली (म्हणजे चर्चमधली) मुलं-मुली शब्बाथाला, शनिवारच्या पवित्र विश्रांतीच्या दिवशी, येतात खरी, पण मागच्या बाकावर बसतात आणि उपासना संपली की निघून जातात. गाणी बदलली, प्रोजेक्टर आणला, युवा कार्यक्रम घेतले, तरी फरक पडला नाही. मी तरुणांचा शब्बाथ शाळेचा, म्हणजे शब्बाथाच्या बायबल अभ्यासाचा, वर्ग घेते आणि स्वतः नोकरीही करते, त्यामुळे यावर मला मनापासून बोलायचंय. अडचण गाण्यांत नाहीच. या मुलांचे बाकीचे सहा दिवस कसे जातात, हे मंडळीला ठाऊक नाही आणि कोणी विचारतही नाही.

शब्बाथ पाळण्याची चौथी आज्ञा आपल्याला तोंडपाठ असते. पण बायबलमधल्या निर्गम 20 मध्ये त्याच आज्ञेत सहा दिवस काम करायलाही सांगितलंय. व्यासपीठावरून सातव्या दिवसाबद्दल भरभरून बोललं जातं, त्या सहा दिवसांबद्दल फार थोडं. ‘प्रभूची सेवा’ म्हटलं की पाळक, मिशनची शाळा, मिशनचं इस्पितळ. जो हिशेब तपासतो, जी सॉफ्टवेअर लिहिते, जो पुलांचे आराखडे काढतो, त्यांच्या कामासाठी नाव घेऊन प्रार्थना झाल्याचं तुम्ही शेवटचं कधी ऐकलंत? आणि या मुलांची भीती, मोह, अपमान, महत्त्वाकांक्षा हे सगळं तर तिथेच घडत असतं.

पहिली गोष्ट म्हणजे शब्बाथ आणि नोकरी यांचा रोजचा झगडा. शुक्रवारचा सूर्यास्त वर्षभर सरकत राहतो. हिवाळ्यात सूर्य लवकर मावळतो, मीटिंग मात्र ठरलेल्या वेळीच असते. शनिवारी परीक्षा, शनिवारी मुलाखत, शनिवार-रविवारी नव्या सिस्टिमचं काम, ऑन-कॉलची पाळी. अशा वेळी मंडळी सांगते, ‘विश्वासात टिकून राहा.’ ते खरंच आहे, पण सोमवारी साहेबांसमोर नेमकं काय बोलायचं, हे त्यातून कळत नाही.

आमच्या वर्गातल्या एका मुलीला अशीच ऑन-कॉलची पाळी लागली होती. शब्बाथ संपल्यावर, शनिवारी रात्री आम्ही तिघी-चौघी तिच्यासोबत बसलो आणि पत्राचा मसुदा केला. शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी सूर्यास्तापर्यंत मी काम करत नाही, हा माझ्या श्रद्धेचा भाग आहे, हे पहिल्या दोन ओळींत. तिसऱ्या ओळीपासून थेट पर्याय: रविवारच्या पाळ्या मी घेईन, सणासुदीला इतरांना सुट्टी हवी असते तेव्हा मी थांबेन, तीन महिने करून पाहू आणि मग पुन्हा बोलू. ही कल्पना आम्ही बायबलमधल्या दानीएलाच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायातून घेतली. राजाच्या ताटातलं अन्न घ्यायला दानीएलाने नुसता नकार दिला नाही, कारभाऱ्याची अडचण समजून घेऊन साध्या शाकाहारावर दहा दिवसांची परीक्षा सुचवली. तो अध्याय आपण आहारासाठी शिकवतो. परक्या दरबारात नोकरी करणाऱ्या तरुणाची गोष्ट म्हणूनही तो शिकवून बघा, वर्ग जागा होतो.

प्रत्येक मंडळीत असं पत्र लिहिलेली, त्यासाठी नोकरी बदललेली, बढती सोडलेली माणसं असतात. त्यांना तरुणांसमोर बसवा. नोकरी स्वीकारण्याआधी सांगावं की रुजू झाल्यावर, तोंडी सांगावं की लेखी, याची उत्तरं त्यांच्याकडे आहेत. (माझं मत: स्वीकारण्याआधी आणि लेखी.) अमेरिकेत ॲडेल शर्बर्ट नावाची आपल्या मंडळीतली एक गिरणी कामगार होती. गिरणीने शनिवारी काम सक्तीचं केलं, तिने नकार दिला, नोकरी गेली, आणि बेकारी भत्ताही नाकारला गेला. 1963 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. धर्मस्वातंत्र्याच्या कायद्यात तो खटला आजही अभ्यासला जातो, पण आपल्या मुलांना तिचं नावही माहीत नसतं. प्रत्येक देशाचा कायदा वेगळा, म्हणून आपल्याकडचा नीट समजून घ्यावा. मंडळीचा धर्मस्वातंत्र्य विभाग याचसाठी आहे.

दुसरी जागा शब्बाथ शाळा. धडा जगभर एकच असतो, तो बदलायची गरज नाही. आम्ही फक्त धड्याआधी एक प्रश्न ठेवला: या आठवड्यात कामावर कुठे अडलात? एकदा अकाउंट्समधल्या एका मुलाने सांगितलं की त्याला मागच्या तारखेची बिलं नोंदवायला सांगितलंय. कोणी बायबलचं वचन तोंडावर फेकलं नाही. मंडळीतल्या एका निवृत्त वडीलधाऱ्यांनी विचारलं, ‘तुला हे लेखी सांगितलंय की तोंडी?’ आणि मग स्वतः अशा वेळी काय केलं होतं, त्याची काय किंमत मोजली, ते सांगितलं. पुढच्या शब्बाथाला सगळ्यांनी त्याला पहिला प्रश्न केला, ‘काय झालं मग?’ त्या ‘काय झालं मग’मुळे तो मुलगा टिकला असं मला ठामपणे वाटतं. एक अट मात्र कडक पाळा: वर्गात बोललेलं बाहेर जाता कामा नये, उपदेशातलं उदाहरण म्हणूनसुद्धा नाही. एकदा तसं झालं की पुन्हा कोणी तोंड उघडत नाही.

आता जबाबदारीबद्दल. ही ॲडव्हेंटिस्ट चळवळ उभी केली तीच मुळी तरुणांनी. 1844 च्या डिसेंबरमध्ये देवाकडून पहिलं दर्शन झालं तेव्हा एलेन हार्मन, म्हणजे पुढे मंडळीच्या एक संस्थापिका झालेल्या एलेन व्हाइट, 17 वर्षांच्या होत्या. युरायाह स्मिथ 1855 मध्ये ‘रिव्ह्यू’ या मंडळीच्या नियतकालिकाचे संपादक झाले ते 23 व्या वर्षी. अमेरिकेत बॅटल क्रीक इथल्या मंडळीच्या आरोग्यसंस्थेची सूत्रं 1876 मध्ये 24 वर्षांच्या डॉक्टर केलॉग यांच्या हाती दिली गेली. (पुढे ते मंडळीपासून तुटले, पण तेव्हाच्या वडीलधाऱ्यांनी तरुण डॉक्टरवर एवढा विश्वास टाकला, हे खरंच आहे.) आणि आज? ऑफिसात मोठ्या टीमचं बजेट सांभाळणाऱ्या तिशीतल्या बाईला आपण ‘तुम्ही तरुण’ म्हणतो आणि स्वागताचे फुगे लावायला सांगतो.

त्यांना पदाधिकाऱ्यांची नावं सुचवणाऱ्या नामनिर्देशन समितीवर घ्या, मंडळीच्या बोर्डावर घ्या, शोभेपुरता एक नाही, निदान दोन-तीन जण. बैठक अशा वेळी ठेवा की कामावरून सुटून पोचता येईल, किंवा ऑनलाइन घ्या. खजिनदारांसोबत एकाला बसू द्या. दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, कॉन्फरन्सकडे (भागातल्या मंडळ्यांच्या वरच्या संस्थेकडे) जातो आणि मंडळीचा खर्च स्थानिक अर्पणांतून चालतो, हे अनेकांना माहीत नसतं. आकड्यांची सवय असलेली माणसं प्रश्न विचारणारच; त्यांना कागद दाखवा. त्यांचं मत वेगळं पडलं तर तेही मोजलं जाऊ द्या.

पण जबाबदारी देणं वेगळं आणि फुकटचं राबवून घेणं वेगळं. आठवडाभर स्क्रीनसमोर बसणाऱ्या मुलीला दर शब्बाथाला लाइव्ह प्रक्षेपणाच्या स्क्रीनसमोर बसवलं तर तिच्या वाट्याला शब्बाथ आलाच कुठे? तिला आधी विचारा की तिला काय करायला आवडेल. ‘काही नाही, फक्त बसायचंय’ हे उत्तरही आनंदाने घ्या.

एक छोटी गोष्ट: नोकरीसाठी गाव सोडून आलेल्यांना शब्बाथाची दुपार फार मोठी वाटते. त्यांना घरी जेवायला बोलवा. आणि जेवताना लग्नाचा विषय काढू नका.

सुरुवात कुठून करायची असं विचाराल, तर तुमच्या पाळकसाहेबांना एक विनंती करा. महिन्यातून एकदा, मधल्या वारी, जेवणाच्या सुट्टीत एखाद्या तरुणाला त्याच्या कामाच्या ठिकाणाजवळ जाऊन भेटावं. सोबत काही नेऊ नये, कार्यक्रमाचं आमंत्रणसुद्धा नाही. तुझं काम नेमकं काय असतं, एवढंच विचारावं आणि कळेपर्यंत विचारत राहावं. पुढच्या शब्बाथाच्या प्रार्थनेत त्या कामाचा उल्लेख कसा करायचा, हे त्यांना तिथेच कळेल.