वाचकांचे प्रश्न : दहावा माणूस कमी पडला की आमची आठवण

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे आपल्या बेने इस्राएल (मराठी ज्यू) समाजाच्या सिनेगॉगमधील, म्हणजे प्रार्थनास्थळांमधील, घटत्या उपस्थितीविषयी आहेत, म्हणून हा भाग त्यांच्यासाठीच राखून ठेवला आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : गेल्या वर्षी आमच्या सिनेगॉगच्या कार्यकारिणीवर माझी निवड झाली. सभासदांच्या वहीत दीडशेच्या वर नावे आहेत, परंतु शब्बाथच्या (विश्रामदिनाच्या), म्हणजे शनिवारच्या, सकाळी मिनियान (सामूहिक प्रार्थनेसाठी लागणारी दहा जणांची संख्या) पूर्ण होईल की नाही याची दर आठवड्याला धाकधूक असते. दरफळणीच्या सणाला (योम किप्पुरला) मात्र बसायला जागा पुरत नाही. आम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर गट काढला, फलक छापले, तरुणांसाठी सहलही नेली; पण उपस्थितीत फरक पडला नाही. आपल्यात धर्मप्रचार करून माणसे आणण्याची प्रथा नाही. मग सभासद वाढवायचे कुठून?
(एक वाचक, मुंबई उपनगर)

उत्तर : आपल्या प्रश्नाचे उत्तर आपल्याच पत्रात आहे. वहीत दीडशे नावे आहेत आणि दरफळणीला सभागृह भरते, याचा अर्थ माणसे आहेत. १९४८ च्या सुमारास भारतात वीस हजारांच्या आसपास असलेले बेने इस्राएल आज चार-पाच हजारांवर आले, हे खरेच आहे. इस्राएलमधील लोद, रामला, अश्दोद, दिमोना या गावांकडे गेलेली कुटुंबे काही परत येणार नाहीत. परंतु आपल्याला प्रत्यक्षात जी उणीव भासते ती गेलेल्यांची नसून दोन स्टेशने पलीकडे राहणाऱ्यांची आहे. तेव्हा नवी माणसे कोठून आणावीत हा प्रश्न काही काळ बाजूला ठेवून, असलेली माणसे का येत नाहीत हे आधी पाहावे, असे मला वाटते.

मी बरीच वर्षे एका सिनेगॉगच्या कार्यकारिणीत काम केले. त्या काळातील एक सकाळ मी विसरलेलो नाही. गुरुवार होता. एक गृहस्थ वडिलांच्या स्मृतिदिनानिमित्त कादिश (मृतांसाठीची प्रार्थना) म्हणण्यासाठी नोकरीवर उशिरा जाण्याची परवानगी काढून आले होते. आम्ही नऊ जण झालो आणि तिथेच थांबलो. परंपरेनुसार तेरा वर्षांवरील दहा पुरुष जमल्याशिवाय कादिश म्हणता येत नाही आणि तोराचे (धर्मग्रंथाचे) वाचनही होत नाही. शमाश (सिनेगॉगचा सेवक) फाटकाशी उभा राहून रस्त्याकडे पाहात होता, आणि ते गृहस्थ दर दोन मिनिटांनी घड्याळाकडे. शेवटी आमच्या गब्बाईंनी (खजिनदारांनी) जवळच राहणाऱ्या एका जुन्या सभासदांना फोन लावला. ते घरच्या कपड्यांवरच लगबगीने आले, कादिश झाले, सर्वांनी त्यांचे आभार मानले. निघताना टोपीची घडी घालून खिशात ठेवता ठेवता ते मला म्हणाले, "तीन महिने बायको अंथरुणाला खिळली आहे, तेव्हा कोणाचा फोन आला नाही. आज दहावा कमी पडला म्हणून आला." ते रागावून बोलले नव्हते, आणि म्हणूनच मला ते अधिक लागले.

मिनियानची अडचण अशी दुहेरी आहे. दहा माणसांची अट ही एका परीने मोठी देणगी आहे, कारण तिच्यामुळे प्रत्येक माणूस खरोखरच हवा असतो. श्रीमंत असो वा गरीब, विद्वान असो वा अक्षरशत्रू, दहावा तो दहावाच. परंतु ज्याला केवळ संख्या भरण्यासाठी बोलावले जाते, त्याला ते दुसऱ्या-तिसऱ्या वेळी कळतेच, आणि मग तो फोन उचलेनासा होतो. व्हॉट्सअ‍ॅपवरचा "आज मिनियानला दोन कमी आहेत, कृपया यावे" हा निरोप दीडशे जण वाचतात आणि प्रत्येकजण तो उरलेल्या एकशे एकोणपन्नास जणांसाठी आहे असे समजतो.

म्हणून माझी पहिली सूचना अगदी साधी आहे. ती वही कार्यकारिणीतील सभासदांनी आपसांत वाटून घ्यावी, एकाकडे दहा-बारा घरांहून अधिक घरे असू नयेत, आणि प्रत्येकाने आपल्या वाट्याच्या घरी असा एक फोन करावा, ज्यात काहीही मागायचे नाही. वर्गणी नाही, मिनियान नाही, सहलीचे पैसे नाहीत. प्रकृती कशी आहे, मुलगा कोणत्या इयत्तेत आहे, आईचे गुडघे कसे आहेत, एवढेच. शक्य असेल तर प्रत्यक्ष जावे. यात आपल्याला कळेल की वहीतील काही जण वारले आहेत, काही हाइफाला किंवा टोरोंटोला आहेत, आणि काहींना आपण त्यांचे नाव अजून वहीत ठेवले आहे याचेच आश्चर्य वाटते. वही लहान होईल. त्याने घाबरू नये. खऱ्या साठ नावांची वही खोट्या दीडशेंपेक्षा कामाची असते.

दुसरी गोष्ट वेळेची. शब्बाथ शुक्रवारच्या सूर्यास्ताला सुरू होतो, आणि मुंबईत हा सूर्यास्त हिवाळ्यात सहाच्या सुमारास आणि पावसाळ्यात सव्वासातच्या सुमारास होतो. त्या वेळी नोकरदार माणूस लोकलमध्ये लटकत असतो. वस्ती इस्राएल मोहल्ला, उमरखाडी, भायखळ्याकडून ठाण्याकडे सरकली आहे, पण बऱ्याचशा सिनेगॉगच्या इमारती जिथे होत्या तिथेच आहेत. जो येऊ शकत नाही त्याला श्रद्धा उरली नाही असे समजणे अन्यायाचे आहे. आणि घर हे आपल्याकडे सिनेगॉगपेक्षा जुने आहे, याचा आपल्याला विसर पडतो. सामाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ मध्ये मांडवीला शाआर हाराहमीम, म्हणजे आपली जुनी मशीद, बांधली. तोवर कोकणातील बेने इस्राएलांकडे सिनेगॉगच नव्हते. शनिवारी घाणा बंद ठेवणारे ते शनवार तेली शेमा ही प्रार्थना, सुंता, शब्बाथ आणि सण हे सर्व शतकानुशतके घरातच पाळत आले. तेव्हा महिन्यातून एका शुक्रवारी कोणाच्या तरी घरी, त्याच इमारतीतील किंवा परिसरातील चार-पाच कुटुंबांनी मिळून काळ्या मनुकांच्या सरबतावर किड्डुश (शब्बाथचे आशीर्वचन) करावे. ज्यांच्याकडे मोठी बैठकीची खोली नाही त्यांनाही यजमानपद द्यावे, चटईवर बसता येते.

मलिद्याचाही, म्हणजे आपल्या आभारप्रदर्शनाच्या विधीचाही, उपयोग असाच करता येईल. नवे घर, मुलाची नोकरी, आजारातून उठणे, यांपैकी काहीही निमित्त पुरते. भिजवलेले पोहे, खोवलेला नारळ, गोडी, वेलची, वर फळे, आणि एलियाहू हनबीचे (प्रेषित एलियाहचे) गीत. त्या ताटाभोवती अशी माणसेही बसतात जी वर्षानुवर्षे सिनेगॉगची पायरी चढलेली नाहीत, कारण तेथे कोणते पान उघडायचे हे माहीत असण्याची गरज नसते.

पानावरून आठवले. सिनेगॉगमध्ये नवखा माणूस सर्वांत अधिक कशाने संकोचतो, तर पुस्तक हातात असून आपण कोठे आहोत हे न कळल्याने. हजान (प्रार्थना चालवणारे) वेगाने म्हणत असतात, बाकीचे उभे राहतात, बसतात, आणि तो अर्धा उभा अर्धा बसलेला राहतो. जोसेफ इझेकिएल राजपूरकरांसारख्या विद्वानांनी एकोणिसाव्या शतकातच आपल्या प्रार्थना मराठीत आणल्या, त्या कशासाठी? नवख्याच्या शेजारी एका जाणत्याने बसावे, आपले पुस्तक त्याच्यापुढे धरून बोट ठेवावे आणि हळूच पान उलटावे. यासाठी खर्च शून्य आहे, आणि तरीही हे कोणी करताना मला क्वचितच दिसते.

दाराविषयीही लिहायला हवे. २००८ मध्ये नरिमन हाउसवर जे घडले त्यानंतर दाराशी पोलीस, ओळखपत्राची मागणी, पिशव्यांची तपासणी हे अटळ झाले आहे आणि त्यात ढिलाई करा असे मी मुळीच सुचवणार नाही. परंतु पहारेकऱ्याची चौकशी आणि यजमानाची विचारपूस ही दोन वेगळी कामे आहेत. पहारेकऱ्याच्या पलीकडे, आतल्या बाजूला, कार्यकारिणीतील एकाने पहिला अर्धा तास उभे राहावे. इस्राएलहून आजोबांचे गाव शोधत आलेली मुले, कामानिमित्त आलेला परदेशी पाहुणा, चाळीस वर्षांनी परतलेला कोणी, या सर्वांना आत आल्यावर पहिला प्रश्न "तुम्ही ज्यू आहात ना? आईकडून की वडिलांकडून?" असा विचारला जाऊ नये. आपल्याकडे त्याहून चांगला प्रश्न आहे, तो म्हणजे "गाव कुठलं?" पेणकर, रोहेकर, नवगावकर, किहीमकर; आडनाव सांगताच निम्मी ओळख पटते, आणि जो कोणत्याच गावचा कर नाही तो स्वतःहून आपली हकीकत सांगू लागतो.

प्रश्न : माझे यजमान बेने इस्राएल आहेत, मी हिंदू मराठा कुटुंबातील आहे. दोन मुले आहेत. सासूबाई होत्या तोवर त्या मुलांना सणाला सिनेगॉगमध्ये नेत असत. त्यांच्या पश्चात आम्ही एकदा गेलो, तेव्हा एका ज्येष्ठ बाईंनी मुलांच्या देखतच "ही आपली नव्हेत" असे म्हटले. मुले आता यायला तयार नाहीत. आम्ही आग्रह धरावा का?
(एक वाचक, पुणे)

उत्तर : ताई, त्या बाईंच्या वतीने क्षमा मागण्याचा अधिकार मला नाही, पण मागतो.

धर्मशास्त्राची बाजू आपल्यापासून लपवून उपयोग नाही. परंपरेनुसार ज्यूपण आईकडून येते. त्यामुळे परंपरानिष्ठ सिनेगॉगमध्ये आपल्या मुलाला मिनियानमध्ये धरणे, तोरासमोर बोलावणे, पुढे विवाह, या बाबतींत अडचण येईल, आणि तिचा निर्णय रब्बींच्या न्यायसभेकडे जातो. उदारमतवादी मंडळींची भूमिका अधिक मोकळी असते. डॉ. जेरुशा झिराड यांनी १९२५ मध्ये मुंबईत ज्युईश रिलिजस युनियन सुरू केली ती याच विचारधारेची. दिल्लीच्या जुडाह हायम सभागृहात तर मिनियानमध्ये स्त्रियाही मोजल्या जातात. आपल्या कुटुंबाला कोणता मार्ग मानवतो हे आपणा दोघांनीच ठरवावे.

परंतु मिनियानमध्ये मोजले न जाणे आणि दारातून परतवले जाणे यांत फार अंतर आहे, आणि हे अंतर बेने इस्राएलांनी तरी ओळखावे. एके काळी आपल्यातच गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल असा भेद होता. मिश्र संबंधांतून जन्मलेल्यांच्या वंशजांशी सोयरीक होत नसे, सिनेगॉगमध्येही त्यांचा मान वेगळा असे. पुढे १९६०च्या दशकाच्या आरंभी इस्राएलमध्ये रब्बींनी बेने इस्राएलांच्याच ज्यूपणाविषयी शंका काढली, विवाहापूर्वी वंशाची चौकशी करण्याचे निर्देश दिले, आणि आपल्या माणसांना १९६४ मध्ये जेरुसलेमला धरणे धरावे लागले तेव्हा कोठे ते मागे घेतले गेले. "ही आपली नव्हेत" हे वाक्य आपण ऐकलेले आहे.

मुलांवर आग्रह धरू नये. त्यांना आजीची आठवण असेल तर रोश हशानाला (ज्यू नववर्षाला) घरी गव्हाच्या चिकाचा हलवा करावा, नारळाच्या दुधातला, आणि त्यांना ढवळायला बसवावे. तास दीड तास ढवळावे लागते, तेवढ्यात आजीच्या बऱ्याच गोष्टी निघतील. कार्यकारिणीला मात्र आपल्या यजमानांनी घडलेला प्रकार लेखी कळवावा. पुढच्या वेळी निमंत्रण तिकडून आले, तर जावे.

प्रश्न : सभासदत्वाची वर्गणी अनेकांना जड वाटते. ती माफ करावी काय? केली तर खर्च कसा चालेल?
(कार्यकारिणी सभासद, रायगड जिल्हा)

उत्तर : सरसकट माफ करू नये, पण ती कोणाच्या प्रवेशाच्या आड येऊ नये. अमेरिकेत अनेक सिनेगॉगनी ठरावीक वार्षिक शुल्क सोडून, यंदा एकूण खर्च किती आहे हे सर्वांसमोर मांडून, ज्याने त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे आकडा सांगावा अशी पद्धत अलीकडे स्वीकारली आहे. आपल्याकडे छपराची दुरुस्ती, शमाशचा पगार, विजेचे बिल असा हिशेब एका पानावर लिहून भिंतीवर लावला, तर तोच परिणाम साधेल. ज्याला देणे शक्य नाही त्याच्याशी गब्बाईंनी एकट्यात बोलावे. शब्बाथला अर्थातच पैशाचा विषय काढू नये.

आणखी एक. हेखाल (तोरा ठेवण्याचे कपाट) उघडण्याचा, सफरतोरा (तोराची गुंडाळी) उचलण्याचा मान काही ठिकाणी सणाला लिलावाने दिला जातो. त्यातून उत्पन्न होते, ते बंद करा असे मी म्हणत नाही. पण दर सणाला त्यांतला एक मान लिलावातून वगळून, त्या वर्षी जो प्रथमच आला असेल किंवा फार दिवसांनी परतला असेल त्याला द्यावा, आणि तो त्याला आदल्या दिवशी घरी जाऊन सांगावा, म्हणजे त्याला आशीर्वचनाची उजळणी करता येईल.