कॉलेजकडून जर्मनीत एका सेमिस्टरच्या एक्स्चेंजला जायला मिळत असेल तर जावं का? खर्च किती येतो, आणि लोक म्हणतात तशी ती नुसती ट्रिपच असते का?

जा. पुण्यात मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहेस असं लिहिलं आहेस, कॉलेजचा करार आहे, मग विचार कसला? (लहान आहेस म्हणून 'तू' म्हणते.)

खर्चाचं शेवटी सांगते. आधी ते 'नुसती ट्रिप' बघू, कारण हे शब्द मी घरी आणि कॉलेजात इतके ऐकलेत की आता कोणी म्हटलं की डोकंच फिरतं.

मी २०१८च्या ऑक्टोबरात, तिसऱ्या वर्षाला असताना, ड्रेस्डेनच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत गेले. आमचे काका घराण्यातले पहिले इंजिनिअर, त्यामुळे शिक्षणाच्या बाबतीत घरात त्यांचा शब्द शेवटचा. निघायच्या आधीच ते म्हणाले होते, "सहा महिन्यांत काय शिकणार? जायचंच तर एमएसला जा, डिग्री तरी हातात येईल." त्यात मी फॅमिली ग्रुपवर प्रागचे फोटो टाकले. ड्रेस्डेनहून प्राग रेल्वेने अडीच तासांच्या आत येतं, सकाळी जाऊन रात्री खोलीवर परत. झालं. तेव्हापासून माझं सगळं सेमिस्टर म्हणजे 'फिरणं'. सकाळी साडेसातच्या लेक्चरचे फोटो कोण टाकतं? तिथे दीड-दीड तासाची लेक्चर्स असतात, पहिलं ७.३० ला, दुसरं ९.२० ला. डिसेंबरात साडेसातला बाहेर मिट्ट काळोख असतो आणि ट्राममध्ये सगळे मुकाट उभे. लेक्चर संपलं की पोरं बाकावर मुठीने टकटक करतात, ती तिथली शाबासकी. पहिल्यांदा मला वाटलं सरांची टिंगल चाललीय.

खरा त्रास झाला तो परत आल्यावर, आणि तो तुला नीट सांगते, कारण 'जावं का' पेक्षा 'जायच्या आधी काय करावं' हे जास्त महत्त्वाचं आहे.

तिथलं हिवाळी सेमिस्टर १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. आपलं पाचवं सेम जुलै ते डिसेंबर, सहावं जानेवारीपासून. म्हणजे जायचं एका सेमिस्टरला आणि भोक पडतं दोन सेमना. आमच्या तेव्हाच्या एचओडींनी मेलवर कळवलं होतं की ड्रेस्डेनचे तीन विषय पाचव्या सेमच्या तीन विषयांच्या जागी धरू, बाकीचे आल्यावर दे. मी मार्चमध्ये परत आले तर एचओडी बदललेले. नवे सर म्हणाले, "मेल म्हणजे काही ऑर्डर नाही. फिरून आलात ना, आता अभ्यास करा."

त्याआधी परीक्षा विभागात एक गंमत झाली. तिथल्या क्लार्क काकांनी माझी जर्मन मार्कलिस्ट उलटसुलट बघितली आणि हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, इथे २.३ लिहिलंय. दहापैकी २.३ म्हणजे तुम्ही नापास आहात की." जर्मनीत १.० सगळ्यात भारी, ४.० ला काठावर पास आणि ५.० म्हणजे नापास. मी त्यांना बव्हेरियन फॉर्म्युला कागदावर मांडून दिला. जर्मन विद्यापीठं आपले मार्क त्यांच्या ग्रेडमध्ये बदलायला तोच वापरतात, आपण फक्त उलटा चालवायचा. २.३ मधून १ वजा, भागिले ३, गुणिले ६ (आपल्याकडे १० ला कमाल आणि ४ ला पास धरून), ते १० मधून वजा. ७.४ पॉइंटर. काकांनी कॅल्क्युलेटरवर दोनदा करून बघितलं, "बरोबर आहे" म्हणाले आणि पेन्सिलने कडेला ७.४ लिहून ठेवलं. त्यांना पटायला दहा मिनिटं लागली. सरांना सेम संपत आलं तरी पटलं नाही.

दोन विषय शेवटी डीनपर्यंत जाऊन मान्य झाले. तिसरा, डायनॅमिक्स ऑफ मशिनरी, अडला. का? तर आमच्या सिलॅबसमध्ये गव्हर्नर (इंजिनाचा वेग आवरणारी यंत्रणा) आणि जायरोस्कोप आहे, त्यांच्यात नाही. मी तिथे रोटरच्या व्हायब्रेशनवर अख्खं सेमिस्टर घासलं होतं, पण नाही. मे महिन्याच्या उन्हात पोर्टर गव्हर्नर आणि हार्टनेल गव्हर्नरची गणितं करून तो पेपर दिला. आजपर्यंत नोकरीत एकदाही पोर्टर गव्हर्नर दिसलेला नाही.

ही रड फक्त आपलीच आहे असंही नाही. सोफिया कोराद्दी नावाच्या इटालियन बाई फुलब्राइट या अमेरिकन स्कॉलरशिपवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात कायद्याचं मास्टर्स करून १९५८ मध्ये रोमला परतल्या, तेव्हा तिथल्या विद्यापीठाने ते शिक्षण धरायलाच नकार दिला. बाई चिडल्या त्या पुढची कित्येक वर्षं चिडलेल्याच राहिल्या. त्यांच्या पाठपुराव्यातून १९८७ मध्ये इरॅस्मस ही युरोपातली विद्यार्थ्यांच्या एक्स्चेंजची योजना सुरू झाली. पहिल्या वर्षी ११ देशांतली ३,२४४ मुलं गेली. या बाईंना 'मम्मा इरॅस्मस' म्हणतात. मला हे ड्रेस्डेनमध्ये असताना माहीत असतं तर मी सरांच्या केबिनमध्ये त्यांचा फोटो घेऊन गेले असते.

तेव्हा काय करायचं: लर्निंग ॲग्रीमेंट हा कागद तुझ्या, आपल्या कॉलेजच्या आणि तिकडच्या विद्यापीठाच्या अशा तिन्ही सह्यांसह निघायच्या आधी हातात पाहिजे. तिकडचा कुठला विषय इथल्या कुठल्या विषयाच्या जागी, क्रेडिट किती, ग्रेड कुठल्या सूत्राने बदलणार, अटेंडन्सचं काय, सगळं त्यात किंवा त्याला जोडून. सही, शिक्का, जावक क्रमांक. तोंडी 'बघू, होऊन जाईल' याला काडीची किंमत नाही, माणसं बदलतात. तिकडे गेल्यावर विषय बदलावा लागला (वेळापत्रक आपसात आदळतं, बदलावा लागतोच) तर बदललेल्या यादीवर पुन्हा सही. तीस ईसीटीएस (युरोपातली क्रेडिट्स) म्हणजे तिकडचं पूर्ण सेमिस्टर. एका ईसीटीएसला २५ ते ३० तास काम धरतात, त्यामुळे तेवढे घेऊन शिवाय युरोप बघू म्हणशील तर विसर.

आता काकांच्या मुद्द्याकडे. सहा महिन्यांत डिग्री मिळत नाही, खरंय. पण मला पेपर बघायला मिळाला. निकाल लागल्यावर एका दिवशी तपासलेले पेपर टेबलांवर मांडून ठेवतात, आपण आपला पेपर उघडून बसायचं आणि असिस्टंटला विचारायचं, इथे दोन मार्क का कापले? तो सांगतो. आपल्याकडे त्यासाठी फी भरा, फोटोकॉपी मागवा, रिव्हॅल्युएशनला टाका. मी कुठे चुकते ते मला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षी पहिल्यांदा कोणीतरी समोर बसून दाखवलं. प्रागच्या फोटोत हे कसं येणार?

आणि सांगूनच टाकते, काकांचा मुलगा पुढे थेट एमएसला जर्मनीत गेला. पहिल्या सेमिस्टरला दोन पेपरना बसूच दिलं नाही, कारण तिथे विषय शिकणं वेगळं आणि त्या परीक्षेसाठी मुदतीत ऑनलाइन नाव नोंदवणं वेगळं. आपल्याला वाटतं फॉर्म कॉलेज भरून घेतं. ड्रेस्डेनला दुसऱ्याच आठवड्यात आमच्या फ्लॅटमधल्या मुलीने मला हे सांगितलं होतं, आणि मी त्याला जायच्या आधी सांगितलंही होतं. तेव्हा म्हणाला, "ताई, तुझं ते एक्स्चेंजचं वेगळं असतं."

खर्च: करारात तिकडची ट्यूशन फी माफ असते, सेमिस्टरची वर्गणी तेवढी भरावी लागते. कॉलेजला पहिलं हे विचार की करार इरॅस्मसच्या पैशातला आहे की दोन संस्थांमधला साधा एमओयू (सामंजस्य करार). पहिल्यात महिन्याचा भत्ता आणि प्रवासाचे पैसे मिळतात, दुसऱ्यात फी माफी आणि शुभेच्छा. स्कॉलरशिप नसेल तर व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंट लागतं. माझ्या वेळी महिन्याला ७२० युरो दाखवावे लागायचे, सप्टेंबर २०२४ पासून ९९२. पैसे तुझेच असतात, दर महिन्याला तेवढेच सुटतात. शिवाय विमा, आणि टीव्ही नसला तरी घरामागे महिना १८.३६ युरो रेडिओ-टीव्हीची वर्गणी. शेअर्ड फ्लॅट असेल तर एकानेच भरायची आणि बाकीच्यांनी वाटून घ्यायची. हॉस्टेलचा अर्ज मात्र ॲडमिशनचं पत्र येताच टाक, ऐनवेळी खोली मिळत नाही.

एवढं 'जा जा' म्हटलं तरी काही बाबतीत थांब. या एका सेमसाठी घर गहाण टाकून कर्ज काढायची वेळ येत असेल तर नको, त्यापेक्षा पुढे डीएएडी (जर्मनीची स्कॉलरशिप देणारी संस्था) वगैरे बघ. सातव्या सेमला जाऊ नकोस, प्लेसमेंट तेव्हाच असतात. आणि बॅचलर्सच्या पातळीवरचे बहुतेक विषय तिथे जर्मनमध्येच असतात, इंग्रजीतले बरेचसे मास्टर्सचे. मी मॅक्स म्युलर भवनला जर्मनची बी१ पातळी करून गेले होते तरी पहिला महिना निम्मं डोक्यावरून गेलं. दुसऱ्या वर्षाला आहेस तर जर्मनच्या ए१ची, म्हणजे पहिल्या पातळीची, बॅच याच सुट्टीत लाव.