जाहीरनामा काढतात, निवेदन देतात

प्रश्न असा आला आहे: अमेरिकेत सेनेका फॉल्सला १८४८ साली स्त्री-हक्कांची परिषद भरली. तिथे मंजूर झालेल्या दस्तऐवजाला मराठीत 'भावनांचे घोषणापत्र' म्हणावे की 'जाहीरनामा'? शिवाय एक पुस्ती जोडली आहे. 'राणीचा जाहीरनामा' आणि 'कम्युनिस्ट जाहीरनामा' यांना एकच शब्द कसा?

आधी पुस्ती घेतो, कारण प्रश्नाचे उत्तर तिच्यातच आहे.

'जाहीर' अरबी, अर्थ उघड, दिसणारे. 'नामा' फारसी, म्हणजे लेख. करारनामा, हुकूमनामा, पंचनामा हे त्याचे भाऊबंद. (राजीनामा हाही मुळात राजी असल्याचा लेख, आज नाराज माणूस तो देतो.) म्हणजे जाहीरनामा हा नुसता उघड केलेला लेख. कोणी उघड केला, हे शब्दात कुठेच नाही. मॅनिफेस्टोचे लॅटिन मूळही 'उघड' असेच आहे. रोमन कायद्यात मुद्देमालासह पकडलेल्या चोराला तेच विशेषण लावत.

व्यवहारात मात्र जाहीरनामा सरकारचा आणि अर्ज रयतेचा, अशी वाटणी पडलेली होती. बंडखोरांनी मोडली ती ही वाटणी. १७७५ च्या जुलैत अमेरिकी वसाहतींनी तिसऱ्या जॉर्जकडे समेटाचा अर्ज पाठवला. राजाने तो स्वीकारलाच नाही. उलट ऑगस्टमध्ये वसाहती बंडखोर असल्याचा जाहीरनामा काढला. वर्षभराने, ४ जुलै १७७६ ला, वसाहतींनी आपला, स्वातंत्र्याचा, जाहीरनामा काढला. त्यातही गाऱ्हाणी आहेतच, राजाविरुद्धची लांबलचक यादी आहे. फक्त ती राजाला उद्देशून नाही, जगासमोर ठेवली आहे. राजा 'आपण'चा 'तो' झाला.

याहून धारदार उदाहरण आपल्याकडचे. १ नोव्हेंबर १८५८ ला व्हिक्टोरिया राणीचा जाहीरनामा निघाला, आणि अवधच्या बेगम हजरत महलने त्याला जाहीरनाम्यानेच उत्तर दिले. तोवर लखनौ हातचे गेले होते. तरीही बेगम राणीचे एकेक कलम घेते आणि त्याचा समाचार घेते. कंपनीने केलेले तह आम्ही पाळू, असे राणी म्हणते. बेगमेचा सवाल असा की कंपनीने सारा हिंदुस्थान गिळला, तेच कायम राहणार असेल तर यात नवे काय? त्यात विनंती कुठेच नाही. राज्य गेले तरी राज्यकर्त्याची भाषा तिने सोडली नाही. इंग्रजांना या कागदाची अडचण वाटली असेल तर ती बहुधा यामुळेच.

म्हणून राणीच्या आणि कम्युनिस्टांच्या कागदाला एकच शब्द असणे मला मराठीची गरिबी वाटत नाही. इंग्रजीत त्यांना दोन वेगळी नावे आहेत. मराठीने दोघांना एकाच पायरीवर उभे केले, हे मला उलट आवडते.

शंका आली की क्रियापद तपासावे. निवेदन देतात, आणि देण्यासाठी समोर घेणारा साहेब लागतो. ठराव मांडतात, त्याला सभा लागते. सनद मिळते, तरी १८३८ च्या इंग्लंडातल्या कामगारांनी आणि १९५५ च्या दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदविरोधकांनी ती स्वतःच लिहिली, हीही एक उलटापालटच. घोषणेची तर गंमतच आहे. 'घोषणा देणे' म्हणजे रस्त्यावर ओरडणे, 'घोषणा करणे' म्हणजे निर्णय सांगणे. आंबेडकरांनी १९३५ साली येवल्यात धर्मांतराची घोषणा केली, 'दिली' नव्हे. आणि जाहीरनामा काढतात: हुकूम काढतात तसा, नि मोर्चा काढतात तसाही.

आता 'घोषणापत्र'. हिंदीत जाहीरनाम्याला हाच रूढ शब्द आहे आणि तिथे तो शोभतो. मराठीत तो ऐकला की मला अर्जाच्या शेवटचा 'वरील माहिती खरी आहे' हा मजकूर आणि खालची सही आठवते. चूक नाही, पण या जागी बेचव आहे. निवडणुकीतले वचननामे आणि संकल्पपत्रे यांचा इथे संबंध नाही.

राहिल्या 'भावना'. मूळ इंग्रजी शब्द 'सेंटिमेंट्स', त्याचा त्या काळचा अर्थ विचारपूर्वक बनवलेले मत. मराठीत भावना म्हटले की त्या दुखावल्याच असणार. सेनेका फॉल्सच्या बायका दुखावल्या म्हणून जमल्या नव्हत्या. त्यांनी १७७६ चाच मसुदा उचलला, राजाच्या जागी पुरुषाला बसवले आणि 'सर्व पुरुष समान'मध्ये स्त्रियांची भर घातली. ६८ स्त्रिया आणि ३२ पुरुषांनी त्यावर सह्या केल्या. 'गाऱ्हाण्यांचा जाहीरनामा' म्हणायचा मोह मलाही झाला होता. पण गाऱ्हाणे कोणापुढे तरी घालावे लागते, म्हणजे पुन्हा अर्जच. तुमच्या लेखात मी 'मतांचा जाहीरनामा' असे लिहीन.